संदेश तयार करायला शिकायचंय, तर पुस्तक कोणतं घ्यावं?

सलाम ताई,

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्यातून एका रविवारी संदेशाची, म्हणजे बायबलवरून उपदेश करायची, जबाबदारी तुमच्यावर आलीय, साधारण 25 मिनिटं मिळतात, सेमिनरीत (पाळक म्हणजे पास्टर घडवणाऱ्या कॉलेजात) शिकलेल्या नाही, शाळेत शिकवता त्यामुळे उभं राहून बोलायची भीती नाही. पण तयारी करताना एका वचनावरून दुसरं आठवतं, दुसऱ्यावरून तिसरं, आणि शेवटी लोक "छान बोललात" म्हणतात पण नेमकं काय सांगितलं ते घरी जाऊन कुणालाच सांगता येत नाही. आणि आता एकच पुस्तक विकत घ्यायचंय, इंग्रजी चालेल पण फार जड नको, आणि आवृत्ती कुठली घ्यायची तेही सांगा.

सरळ उत्तर देतो. हॅडन रॉबिन्सन यांचं 'बिब्लिकल प्रीचिंग' घ्या. मी स्वतः पाळकाचं काम करत आलोय आणि मंडळीतल्या तरुणांना, बायकांना, वडीलजनांना संदेश तयार करायला शिकवत आलोय, आणि तुम्ही जी अडचण सांगितलीत ना, ती ज्याची ज्याची होती त्याच्या हातात मी हेच पुस्तक दिलंय. पण नुसतं नाव सांगून थांबलो तर तुम्ही ते घ्याल, चाळाल आणि कपाटात ठेवाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कोणतं पुस्तक कशासाठी असतं ते कळलं की पुढची पुस्तकं तुमची तुम्हालाच निवडता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे उपदेशावरची पुस्तकं म्हणून जी दुकानात एका फळीवर लावलेली असतात ती सगळी एका जातीची नसतात. काही पुस्तकांत तयार आराखडे असतात, वर्षाचे 52 रविवार, प्रत्येकाला एक वचन, तीन मुद्दे, एक गोष्ट. काही पुस्तकं उपदेशकाबद्दल असतात, त्याचं प्रार्थनेचं जीवन, त्याचं पाचारण, त्याचे थकवे. काही बायबल कसं वाचायचं ते शिकवतात. आणि थोडीच पुस्तकं अशी असतात की जी तुमचा हात धरून बायबलमधल्या शास्त्रभागापासून रविवारच्या पुलपिटापर्यंत, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठापर्यंत नेतात, आधी हे करा, मग हे करा असं. तुम्हाला आत्ता ही शेवटची हवीत. आपल्याकडे होतं काय, की कुणीतरी मोठ्या उपदेशकाचं नाव सांगतं, माणूस त्यांचं पुस्तक आणतो, वाचून मन भरून येतं, डोळ्यांत पाणीसुद्धा येतं, आणि शनिवारी रात्री कोरा कागद तसाच समोर असतो. पुस्तक वाईट नसतं हो, त्या पुस्तकाचं काम वेगळं असतं.

आता रॉबिन्सनच का ते सांगतो. हे पुस्तक पहिल्यांदा 1980 मध्ये आलं, लेखक आधी डॅलसच्या सेमिनरीत आणि पुढे गॉर्डन-कॉन्वेलमध्ये उपदेशशास्त्र शिकवायचे, आणि अमेरिकेतल्या अनेक सेमिनरींमध्ये हे वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तक म्हणून चाललंय. तयारीचे दहा टप्पे केलेत, शास्त्रभाग निवडण्यापासून ते प्रस्तावना आणि समारोप लिहिण्यापर्यंत. पण गाभा एकच आहे, एका संदेशात एकच मोठा विचार, ज्याला आता सगळे 'बिग आयडिया' म्हणतात. आणि तो विचार शोधायचा कसा तर दोन प्रश्न विचारून. हा शास्त्रभाग नेमका कशाबद्दल बोलतोय? आणि त्याबद्दल काय बोलतोय? एवढंच. ऐकायला इतकं सोपं वाटतं की लोक हा धडा पटकन उरकून पुढे जातात, आणि सगळी गफलत इथेच होते.

तुम्हाला करूनच दाखवतो. लूक 18 मधला परूशी आणि जकातदाराचा दाखला घ्या, 9 ते 14 ओवी, म्हणजे वचनं. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात, परूशी म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, तो देवाला आपली चांगली कामं मोजून दाखवतो, आणि जकातदार म्हणजे कर वसूल करणारा, तो छाती बडवून फक्त दया मागतो. आपल्याकडे यावर संदेश म्हटला की विषय ठरलेला, 'नम्रपणे प्रार्थना करा'. मग नम्रतेची चार वचनं, फिलिप्पै 2, मीखा 6, याकोब 4, आणि शेवटी एक गोष्ट. आता रॉबिन्सनचा पहिला प्रश्न लावा, हा भाग कशाबद्दल आहे? 9 वी ओवी लूकने मुद्दाम आधी ठेवलीय, आपण नीतिमान आहोत असा स्वतःवर भरवसा ठेवून बाकीच्यांना तुच्छ लेखणाऱ्यांना हा दाखला सांगितलाय. आणि 14 व्या ओवीत निकाल आहे, कोण नीतिमान ठरून घरी गेला. म्हणजे दोन्ही टोकांना नीतिमान हाच विषय आहे, प्रार्थना हे त्याचं ठिकाण झालं. तर विषय असा होतो की देवासमोर नीतिमान ठरतो कोण? दुसरा प्रश्न, त्याबद्दल काय म्हटलंय? तर जो स्वतःच्या कामाचा हिशेब मांडतो तो नाही, ज्याच्याकडे मांडायला काहीच नाही आणि जो फक्त दया मागतो तो. दोन्ही जोडून एक वाक्य करा आणि ते वहीच्या पानावर सगळ्यात वर लिहा.

आता गंमत बघा, हे वाक्य वर लिहिलं की अर्धी वचनं आपोआप गळतात. मीखा 6 सुंदर आहे पण इथे नको. त्याच अध्यायात 15 व्या ओवीपासून बाळकं येतात, ज्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही, आणि 18 व्या ओवीपासून तो अधिकारी येतो ज्याने सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्यात, म्हणजे लूक स्वतःच उदाहरणं शेजारी ठेवून गेलाय, तुम्हाला लांब जायची गरजच नाही. तुमचं जे एका वचनावरून दुसऱ्या वचनावर जाणं होतं ना, त्यावर माझ्या माहितीत हाच उपाय चालतो. जास्त वचनं सांगणं म्हणजे देवाचं वचन जास्त सांगणं नव्हे, हे मी नवीन उपदेशकांना पुन्हा पुन्हा सांगतो.

त्यानंतर पुस्तकात तीन प्रश्न दिलेत ते फार कामाचे आहेत, याचा अर्थ काय, हे खरं आहे का, आणि याने काय फरक पडतो. याच दाखल्याला लावा. अर्थ काय, म्हणजे तुमच्या ऐकणाऱ्यांना परूशी कोण, जकातदार कोण, आठवड्यातून दोनदा उपास म्हणजे काय हे माहीत आहे का, का सांगावं लागेल? खरं आहे का, म्हणजे समोर बसलेला माणूस मनात म्हणतोय का की हे बरं आहे, आयुष्यभर लुटायचं आणि छाती बडवून मोकळं व्हायचं? हा प्रश्न त्याच्या मनात असेल आणि तुम्ही त्याला हातच लावला नाही तर पुढचं सगळं वाया. फरक काय पडतो, म्हणजे सोमवारी स्टाफरूममध्ये, सुनेशी बोलताना, दारू पिणाऱ्या शेजाऱ्याबद्दल बोलताना काय बदलणार? तीनही प्रश्नांना सारखा वेळ द्यायचा नसतो, आपली मंडळी कुठे अडलीय ते बघून एकावर जोर द्यायचा. शिक्षिका आहात, हे तुम्हाला पटकन जमेल, वर्ग कुठे अडलाय हे ओळखायची सवय तुम्हाला आहेच.

या पुस्तकाची मर्यादाही सांगतो. सगळ्या शास्त्रभागांतून एक विचार काढून त्याचं वाक्य करायचं, ही पद्धत पत्रांना चपखल बसते, रोमकरांस, इफिसकरांस वगैरे. पण स्तोत्र असेल किंवा रूथसारखी गोष्ट असेल तर नुसतं वाक्य काढून घेतलं की बाकीची कथा टरफलासारखी टाकून द्यायची वेळ येते, आणि ते बरं नाही. म्हणून वर्षभराने दुसरं पुस्तक घ्यायची वेळ आली तर थॉमस लाँग यांचं 'द विटनेस ऑफ प्रीचिंग' बघा, 1989 चं आहे. ते दोन वाक्यं लिहायला सांगतात, हा संदेश काय सांगेल आणि हा संदेश ऐकणाऱ्याच्या बाबतीत काय करेल. हे दुसरं वाक्य आपण कधीच लिहीत नाही. विलापस्तोत्र असेल तर ते समजावून सांगणं एक काम आणि ज्याच्या घरी नुकतीच माती झालीय त्याला देवासमोर रडायची मुभा मिळणं हे दुसरं काम, आणि तो शास्त्रभाग दुसरं काम करायला लिहिलाय. इंग्रजी मात्र रॉबिन्सनपेक्षा थोडी जड वाटेल.

ब्रायन चॅपेल यांच्या 'क्राइस्ट-सेंटर्ड प्रीचिंग'बद्दल बरेच जण तुम्हाला सांगतील, 1994 चं पुस्तक, सेंट लुइसच्या कव्हनंट सेमिनरीत ते शिकवायचे. चांगलं पुस्तक आहे, जाडजूड आहे, आणि पहिलं म्हणून नको. पण त्यातली एक गोष्ट आत्ताच घ्या. ते म्हणतात प्रत्येक शास्त्रभागाला विचारा की माणसाच्या पतित अवस्थेतली कोणती गरज इथे उघडी पडलीय, जिच्यासाठी देवाची कृपाच लागते. आणि ते सावध करतात की अमक्यासारखे व्हा, चांगले व्हा, शिस्तीत राहा, एवढंच सांगून संदेश संपला तर तो ख्रिस्ती संदेश राहत नाही, कारण तो कुठल्याही धर्माच्या सभेत चालला असता. परत आपल्या दाखल्यावर या. 'परूशासारखे होऊ नका, जकातदारासारखे व्हा' हा संदेश मी कितीतरी ठिकाणी ऐकलाय, आणि तो ऐकून मंडळी घरी जाते ती मनात काय म्हणत, तर देवा, मी त्या परूशासारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो! म्हणजे दाखल्याने जे पाडलं तेच संदेशाने परत उभं केलं. चॅपेलचा प्रश्न आधी विचारला असता तर हे लक्षात आलं असतं, की इथली पतित अवस्था म्हणजे स्वतःला योग्य ठरवायची आपली धडपड, आणि ती नम्र माणसालाही सुटत नाही. तिथे उत्तर 'अजून नम्र व्हा' हे असूच शकत नाही.

फ्रेड क्रॅडॉक यांचं 1971 चं 'अ‍ॅज वन विदाउट ऑथॉरिटी' आणि यूजीन लोरी यांचं 1980 चं 'द होमिलेटिकल प्लॉट' ही दोन वेगळ्या वळणाची. यांचं म्हणणं असं की निष्कर्ष पहिल्याच मिनिटाला सांगून मग तो सिद्ध करत बसू नका, ऐकणाऱ्याला बरोबर घेऊन तिथपर्यंत चाला. लोरी तर म्हणतात की संदेशाला कथेसारखं कथानक असावं, आधी काहीतरी बिघडलं पाहिजे, गुंतागुंत वाढली पाहिजे, मग सुवार्तेने ती सुटली पाहिजे. परूशाच्या दाखल्याला हे किती लागू पडतं बघा, आपली मंडळी 'परूशी' शब्द ऐकताच समजून जाते की हा वाईट माणूस, पण येशूच्या पहिल्या श्रोत्यांना तो गावातला सगळ्यात आदरणीय माणूस वाटत होता आणि जकातदार म्हणजे रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करून वर स्वतःचं कमावणारा. तो धक्का जर तुमच्या ऐकणाऱ्यांना बसला नाही तर दाखला पोचलाच नाही. म्हणजे आधी परूशाला चांगला म्हणून उभा करा, दशांश देणारा, उपास करणारा, मंडळीच्या कमिटीवर घ्यावा असा, मग 14 वी ओवी वाचा.

आणि इथे मला मनापासून वाटतं ते सांगतो. ही कथेची रीत आपल्याला अमेरिकेतून शिकायची तशी गरज नाही. आपल्याकडे कीर्तन आहे, पूर्वरंगात विषय मांडायचा, उत्तररंगात आख्यान लावून तो लोकांच्या काळजात उतरवायचा. मराठी ख्रिस्ती लोकांनी हे कीर्तन एकोणिसाव्या शतकातच उचललं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला केवढी उंची दिली, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं. त्याच्याही आधी फादर स्टीफन्सनी 1616 मध्ये गोव्यात राचोलला 'ख्रिस्तपुराण' छापलं, सगळं ओवी छंदात, कारण नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांना कानाला ओळखीचं काहीतरी हवं होतं. आज आपल्या कित्येक पुलपिटांवरून जी मराठी ऐकू येते ती इंग्रजी वाक्यांचा सांगाडा आणि वर मराठी शब्द, असं असतं, आणि ते ऐकून वाईट वाटतं. तेव्हा इंग्रजी पुस्तकातून पद्धत जरूर शिका पण भाषेसाठी टिळकांची गाणी, 'स्मृतिचित्रे', उपासना संगीतातली जुनी पदं हे वाचत राहा, मोठ्याने वाचा. संदेशाची भाषा त्यातून येते, होमिलेटिक्सच्या, म्हणजे उपदेशशास्त्राच्या पुस्तकातून येत नाही.

याच अनुषंगाने इंग्रजी पुस्तक वापरताना एक सांभाळा. बऱ्याच पुस्तकांत मुद्दे एकाच अक्षराने सुरू करायला शिकवतात. मराठीत ते करायला गेलं की ओढूनताणून होतं, पाप, परमेश्वर, पुनरुत्थान, असं काहीतरी जुळवायच्या नादात शास्त्रभागात जे नाही तेही आणलं जातं. सोडून द्या. उदाहरणंही तशीच, बेसबॉल, शेअर बाजार, कॉलेजची डॉर्मिटरी. पुस्तकातलं उदाहरण बघून फक्त एवढंच शिका की ते कुठल्या मुद्द्यावर आणि किती छोटं दिलंय, उदाहरण स्वतःचं शोधा, तुमच्या शाळेत रोज चार सापडतील. विद्यार्थ्याचं किंवा मंडळीतल्या कुणाचं उदाहरण देताना मात्र नाव आणि ओळख पटेल असं काहीही नको, आणि शक्यतो विचारूनच द्या, गाव लहान असतं.

आता मोठी नावं भराभर सांगतो कारण ती तुम्हाला सुचवली जाणारच. जॉन स्टॉट यांचं 1982 चं 'आय बिलीव्ह इन प्रीचिंग', अमेरिकेत 'बिट्वीन टू वर्ल्ड्स' या नावाने आलं, दोन्ही एकच पुस्तक आहे, चुकून दोन घेऊ नका. उपदेश म्हणजे बायबलचं जग आणि आजचं जग यांच्यामधला पूल, आणि पुलाचे दोन्ही टोक जमिनीवर टेकले पाहिजेत हा त्यांचा मुद्दा, आणि अभ्यासाची शिस्त कशी लावायची ते त्यांनी फार प्रामाणिकपणे लिहिलंय. मला विचाराल तर रॉबिन्सननंतर मन घडवायला हे पुस्तक उत्तम. मार्टिन लॉइड-जोन्स यांचं 'प्रीचिंग अँड प्रीचर्स' म्हणजे 1969 मध्ये अमेरिकेत दिलेली व्याख्यानं, आधी डॉक्टर होते, ती प्रॅक्टिस सोडून सेवेत आले, लंडनच्या वेस्टमिन्स्टर चॅपलमध्ये एकट्या रोमकरांच्या पत्रावर शुक्रवारी रात्री वर्षानुवर्षं बोलले. ते वाचून आग लागते पण कृती शिकायला मिळत नाही, आणि त्यांच्यासारखं लांब बोलायला जाऊ नका, तुम्हाला 25 मिनिटं आहेत. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे उपदेशक स्पर्जन, त्यांची 'लेक्चर्स टू माय स्टुडंट्स' जुनी असल्याने इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळते, आवाज, हातवारे, निराशेचे दिवस यावर फार सुंदर लिहिलंय, पण रविवार सकाळच्या संदेशाची तयारी ते शनिवारी संध्याकाळी करायचे हे वाचून कुणी तसं करू नये, त्यांच्या मागे आयुष्यभराचं वाचन होतं.

तयार आराखड्यांच्या पुस्तकांबद्दल माझं मत कडक आहे. पहिली दोन वर्षं घेऊच नका. ते वापरलं की तुम्ही शास्त्रभागाशी झगडत नाही, आणि जे तुम्हाला स्वतःला लागलेलं नाही ते दुसऱ्याला लागत नाही. आता तर मोबाइलवर विषय टाइप केला की पूर्ण संदेश तयार होऊन येतो, त्यालाही हेच लागू. हां, पण एक बाजू मान्य केली पाहिजे. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात 'ख्रिस्ती शिकवण' या ग्रंथाच्या चौथ्या भागात लिहिलंय की ज्याला चांगलं बोलता येतं पण स्वतः रचता येत नाही त्याने दुसऱ्याचं उत्तम लिखाण पाठ करून सांगितलं तर हरकत नाही, फसवणूक नसावी म्हणजे झालं. तेव्हा एखाद्या रविवारी घरात आजारपण आहे, तयारी झालीच नाही, तर एखादा चांगला छापील संदेश घ्या, मंडळीला सरळ सांगा की आज मी अमक्यांचा संदेश वाचणार आहे, आणि नीट वाचा. ते प्रामाणिक आहे. दुसऱ्याचं आपलं म्हणून सांगणं प्रामाणिक नाही, मग कितीही आशीर्वाद वाटला तरी. आणि त्याच ऑगस्टीनच्या ग्रंथाची रचना बघा, पहिले तीन भाग शास्त्र समजून कसं घ्यायचं यावर आणि फक्त शेवटचा एक भाग ते सांगायचं कसं यावर. तयारीचा वेळही साधारण त्याच प्रमाणात वाटून घ्या.

म्हणूनच एक अट घालतो. एखादा शास्त्रभाग पत्र आहे, दाखला आहे, संदेष्ट्याची वाणी आहे की नीतिसूत्र, आणि त्याप्रमाणे तो वाचायची रीत बदलते, हे जर तुम्हाला आधी कुणी शिकवलं नसेल, तर रॉबिन्सनच्याही आधी गॉर्डन फी आणि डग्लस स्टुअर्ट यांचं 'हाऊ टू रीड द बायबल फॉर ऑल इट्स वर्थ' घ्या. उपदेशावरचं पुस्तक नाहीच ते, पण पत्र, कथा, दाखले, नियमशास्त्र, स्तोत्रं, प्रकटीकरण असा एकेका प्रकाराला एकेक धडा आहे, भाषा सोपी आहे. बायबल चुकीचं वाचून उत्तम पद्धतीने मांडलेला संदेश हा जास्त नुकसान करतो, कारण तो लोकांना पटतो. तुम्ही म्हणालात एकच पुस्तक घ्यायचंय, म्हणून हे तुमच्यावर सोडतो. स्वतःची परीक्षा अशी घ्या, नीतिसूत्रे 22:6, मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे हे वचन, ज्या आईबापाचा मुलगा वाट चुकलाय त्यांच्यासमोर तुम्ही कसं सांगाल? नीतिसूत्र म्हणजे वचनपूर्तीची हमी नव्हे, जगण्याचा साधारण अनुभव सांगणारं शहाणपण आहे, हे तुमच्या उत्तरात आपोआप आलं तर थेट रॉबिन्सन घ्या. नाही आलं तर आधी हे.

आमच्या वसईचे, गोव्याचे कॅथलिक मित्र विचारतात की आमच्यासाठी काय, कारण तिथे शास्त्रपाठ तीन वर्षांच्या चक्राप्रमाणे ठरलेले असतात आणि प्रवचन मिस्साचा, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेचा, भाग असतं. त्यांनी पोप फ्रान्सिस यांचं 2013 चं 'इव्हँजेली गॉडियम' घ्यावं, त्यात परिच्छेद 135 पासून पुढे प्रवचन आणि त्याची तयारी यावर जे लिहिलंय ते प्रोटेस्टंट उपदेशकानेही वाचावं असं आहे. तयारी न करता पवित्र आत्म्यावर सोडलं म्हणणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट शब्दांत बेजबाबदार म्हटलंय. आणि 2024 मध्ये त्यांनी प्रवचन 8 मिनिटांच्या वर जाऊ नये असं जाहीर सांगितलं, आपल्याला 25 मिळतात पण ती भरायचीच असा नियम नाही.

कुठलंही पुस्तक, मराठी असो इंग्रजी असो, घेण्याआधी दुकानात किंवा ऑनलाइन नमुन्याची पानं उघडून एवढं बघा. लेखक एखादा शास्त्रभाग घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो का, का नुसतं करावं करावं म्हणतो? सराव दिलाय का? रॉबिन्सनमध्ये कल्पना शोधायचे सराव आहेत आणि मागे उत्तरंही आहेत, हे एकट्याने शिकणाऱ्याला फार मोलाचं. आणि त्याची पद्धत तुमच्या आठवड्यात बसते का? नोकरी, घर, मंडळी सांभाळून तुम्हाला रोज सकाळचे तीन तास मिळणार नाहीत, पूर्णवेळ पाळकासाठी लिहिलेलं वेळापत्रक बघून खचून जाऊ नका. तुमचा रविवार महिन्यातून एकदा येतो, त्याचा फायदा घ्या. पहिल्या आठवड्यात शास्त्रभाग ठरवून नुसता रोज वाचा, मराठी बायबलच्या दोन वेगवेगळ्या भाषांतरांत, बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं आणि सोप्या भाषेतलं. दुसऱ्या आठवड्यात ते दोन प्रश्न आणि एक वाक्य. हे वाक्य होईपर्यंत कॉमेंटरी, म्हणजे बायबलवरचं भाष्य, उघडू नका, नंतर जरूर उघडा आणि चुकत असेल तर वाक्य बदला. तिसऱ्यात मांडणी आणि उदाहरणं. शेवटच्या आठवड्यात पूर्ण लिहून काढा, घड्याळ लावून मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथलं वाक्य तोडा.

शक्य असेल तर मंडळीतल्या अजून दोघा-तिघांना बरोबर घ्या. स्टॉट यांच्या लँगहॅम संस्थेने उपदेशकांचे असे छोटे गट जगभर चालवलेत, पण त्यासाठी संस्थेची वाट बघायला नको. महिन्यातून एकदा बसायचं, एकाने आपलं ते एक वाक्य वाचायचं आणि बाकीच्यांनी बायबल उघडून सांगायचं की हे या भागात आहे का. रॉबिन्सनच्या पुस्तकाचा दुसरा धडा सगळ्यांनी मिळून करा, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. शैली आणि बोलण्याच्या पद्धतीवरचे शेवटचे धडे तुम्ही नंतर वाचलेत तरी चालेल, वर्गात ते तुम्ही रोज करताच.

राहिला आवृत्तीचा प्रश्न. रॉबिन्सनच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती 2001 ची आणि तिसरी 2014 ची, पद्धत तीच आहे, दहा टप्पे तेच आहेत. तिसरी नवीन मिळाली तर घ्या. जुनी कुणाकडे पडून असेल, पुण्या-नगरकडच्या एखाद्या निवृत्त पाळकाच्या कपाटात हमखास सापडेल, तर विचारून ती घ्या आणि उरलेल्या पैशात फी आणि स्टुअर्ट.